सावनीचे तीन उन्हाळे

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. जुम्याच्या नमाजला गेलो तर आमच्या मशिदीच्या अंगणात भिंतीलगतचे एक रोप जागेवर नव्हते. नुसता खड्डा होता आणि त्यात कुणीतरी चहाचे कागदी कप टाकले होते. नमाजनंतर चौकशी केली. झाडलोट करणारे चाचा अगदी सहज म्हणाले, "सर, वो तो सूख गया था. एक पत्ता नहीं था उसपे. मैंने निकाल दिया."

रोप बाहेर कचऱ्याच्या ढिगावर पडले होते. उचलून नखाने खोडाची साल जरा खरवडली. आत हिरवेगार. रोप जिवंत होते, थंडीत पाने गाळून गप्प उभे होते, इतकेच. पण उपटताना मुळे तुटली होती. मी ते पुन्हा लावले, पंधरा दिवस पाणी घातले. ते काही जगले नाही.

चाचांना दोष देण्यात अर्थ नाही. हे झाड हिवाळ्यात उघडेबोडके होते हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सांगणार कोण? जुलै २०२३ मध्ये आम्ही सहा रोपे लावली तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसे होती. प्रत्येक रोपापाशी फोटो निघाले. रात्री सगळ्यांच्या स्टेटसवर तेच फोटो आणि खाली 'सदका-ए-जारिया'. मीही टाकला होता. पण रोपांना उद्या पाणी कोण घालणार, परवा कोण, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. मी शिक्षक आहे, वर्गात पहिल्या दिवशी पटावर नाव चढवले म्हणजे मूल शिकले असे होत नाही हे मला कळायला हवे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की लावलेले झाड लावल्या दिवशी मोजू नये. तीन उन्हाळे काढल्यावर मोजावे. आपल्या नगरमध्ये तर नक्कीच.

आधी झाडाविषयी. नर्सरीत ते 'लॅजेस्ट्रोमिया' म्हणून मागावे लागते. हिंदीत सावनी म्हणतात, उर्दूत गुले-फानूस. मला दोन्ही नावे आवडतात, पण मोहल्ल्यात सावनी रुळले. झाड लहानखुरे, दहा ते वीस फुटांचे. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. गुलाबी, जांभळे, पांढरे, कधी लालबुंद. पाकळ्या चुरगाळलेल्या झिरझिरीत कापडासारख्या. इंग्रजीतले क्रेप हे नाव त्यावरूनच पडले. जून झाले की खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी गळते आणि खाली गुळगुळीत, फिकट, हात फिरवावासा वाटणारे खोड दिसते. तो रोग नव्हे, हेही चाचांना आता सांगून ठेवले आहे.

या झाडाचे गोत मात्र आपल्या घरातलेच आहे. मेंदी आणि सावनी एकाच कुळातल्या, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आता डाळिंबालाही त्याच कुळात धरतात. ईदच्या चाँदरातीला हातावर रंगते ती मेंदी आणि राहाता-संगमनेरच्या कोरड्या माळावर शेतकऱ्याला चार पैसे देणारे डाळिंब, ही सावनीची भावंडे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'भगवा' आणि 'मृदुला' यांसारखे डाळिंबाचे वाण दिले त्याच जिल्ह्यात आपण राहतो. डाळिंबाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे इथल्या कुठल्याही बागाईतदाराला विचारा. भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन, बेताचे पण नेमाचे पाणी. त्यातले निम्म्याहून अधिक सावनीला तसेच लागू पडते.

मोठी बहीण म्हणजे ताम्हण, आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प. महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळी फुलते, दिसते फार सुंदर. राज्यपुष्प म्हणून तिच्या रोपांना मागणीही असते. पण ताम्हण मुळात ओढ्याकाठचे, कोकणातल्या आणि घाटातल्या ओलाव्याचे झाड. आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला तिने राहावे, तिथे पाऊस कोसळतो. पाथर्डी, कर्जत, जामखेडला किंवा नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मनात येईल तेव्हा. जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले, पावसाने मात्र जुनीच सवय ठेवली आहे. इथे ताम्हण जगवता येते, पण तिला कायमचे पाणी लागते आणि तीस-चाळीस फूट जागा लागते. मशिदीचे अंगण, शाळेचा कोपरा, विजेच्या तारांखालची पट्टी, कबरस्तानची भिंत अशा ठिकाणी धाकटी बहीणच बरी.

जाता जाता एक गंमत. सावनीचे शास्त्रीय नाव लॅजेस्ट्रोमिया इंडिका. नावात हिंदुस्थान आहे, मूळ मात्र चीनकडचे. शेकडो वर्षे इथल्या बागांत राहिली, इथली झाली. तिच्याकडे कुणी कागद मागत नाही.

बाग हा विषय नगरला नवा नाही. निजामशाहीत या कोरड्या मुलखात फराहबाग झाला, उत्तरेला हश्त बिहिश्त झाला, अहमद निजामशहाची कबर आहे ती जागा बागरोजा म्हणूनच ओळखली जाते. नाव घ्या आणि त्यात बाग आहे. आज फराहबागेत मुले क्रिकेट खेळतात, सभोवारचे तळे कोरडे आहे, आणि आपण उरलेल्या कमानी बघून उसासे टाकतो. मला त्या कमानींपेक्षा खापरी नळांचे अप्रूप जास्त वाटते. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून जमिनीखालून भाजलेल्या मातीच्या नळांनी पाणी शहरात आणि बागांत आणले होते. पाण्याचा बंदोबस्त झाला तेव्हा बाग टिकली, आणि तो मोडला तेव्हा बाग गेली. महाल उभे असूनही गेली. आपल्या पूर्वजांच्या वारशावर भाषणे करणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हा भाग सोडून दिला आहे.

दुसरी बाग किल्ल्यातली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची माणसे नगरच्या किल्ल्यात कैदेत आली. पंडित नेहरूंनी तिथे आवारात फुलझाडांचे वाफे केले. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या सुरुवातीलाच ते त्या मातीबद्दल लिहितात. दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या राड्याने भरलेली वाईट माती होती, ती ते उन्हातान्हात तासन्‌तास खणत. मौलाना अबुल कलाम आझाद त्याच आवारात पहाटे उठून चहा घेत आणि 'गुबारे-खातिर'मधली पत्रे लिहीत. त्यांत त्या बागेचा विषय येतो, चिमण्यांचा येतो. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या, तेव्हाही मौलाना इथेच होते. नगरची माती खणायला किती कठीण आणि इथे फूल उगवणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांत हे दोघे होते. किती दिवस इथे राहायचे हे ठाऊक नसताना त्यांनी वाफे केले. आपण तर इथेच राहणार आहोत.

सरकारी मोहिमांचा हिशेबही आठवून पाहा. २०१६ ला राज्यात दोन कोटींचे लक्ष्य होते, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. आकडा वाढत गेला. जगलेल्या झाडांवरून मात्र विधिमंडळात वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी आमदारांची समिती नेमावी लागली. आपण त्यावर हसतो, पण आपल्या मशिदीतला प्रकार त्याचेच लहान रूप होते. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने उलट्या टोकापासून सुरुवात केली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हा तिथल्या कामाचा पाया होता. राखण हे लावण्याइतकेच मोठे काम आहे, हे त्या गावाला कळले होते.

दीनच्या बाजूनेही बघा. झाड लावणाऱ्याचे त्या झाडातून माणसाने, पाखराने, जनावराने जे खाल्ले ते सदका ठरते, ही बुखारी आणि मुस्लिममधली हदीस आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असले तरी ते लावून टाका, हीही आपण भाषणात सांगतो. तिसरी रिवायत फारशी सांगितली जात नाही. मुस्नद अहमदमध्ये ती आहे. तिच्या सनदेवर जाणकारांचे बोलणे आहे हेही सांगून ठेवतो, पण तिचा रोख मला फार महत्त्वाचा वाटतो. झाड लावून, सब्र ठेवून, त्याची राखण करत ते फळाला येईपर्यंत जो उभा राहतो त्याचे अज्र तिथे सांगितले आहे. सब्र हा शब्द आपण मय्यतीच्या घरी वापरतो. तो रोपालाही लागतो.

आता प्रत्यक्ष काम. सहा रोपांत ज्या चुका झाल्या त्या लिहून ठेवतो, तुम्हाला त्याच पुन्हा करायला नकोत.

पहिली चूक पिशवीची. आम्ही दोन रोपे काळ्या पिशवीला नुसती खालून चीर देऊन तशीच पुरली होती. पिशवी पूर्ण कापून काढायची असते. रोप पिशवीत फार दिवस राहिले असेल तर मुळे गोल गोल फिरून घट्ट झालेली असतात. ती बोटांनी हलके मोकळी करावी, फारच गुंडाळलेली असतील तर ब्लेडने उभ्या दोन-तीन चिरा द्याव्यात. नाही तर रोप जमिनीत असूनही पिशवीतच राहते. खड्डा दीड-दोन फूट खोल पुरे, पण रुंद असावा. नगर शहरात फरशीखाली बहुतेक वेळा मुरूम आणि बांधकामाचा राडाच निघतो. चुन्या-सिमेंटचे तुकडे वेचून बाहेर टाका, कारण चुनखडीच्या मातीत सावनीची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरच्या जड पाण्यानेही तसेच होते. निघालेल्या मातीत कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळून खड्डा भरावा. काळी माती एकटी वापरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळे सडतात, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळे तुटतात.

रोप खोल पुरण्याची हौस सगळ्यांना असते, "जमून बसू दे" म्हणून. बुंधा जमिनीच्या पातळीलाच हवा, पिशवीत होता तितकाच. खोडाभोवती मातीचा ढीग नको. आळे खोडापासून हातभर दूर, गोल. आणि जागा निवडताना दिवसातले सहा तास तरी ऊन हवे. सावलीत सावनी जगते पण फुलत नाही, वर भुरी पडते.

दुसरी चूक पाण्याची, आणि ही सांगताना मला अजून लाज वाटते. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, देशभर शंभराहून अधिक वर्षांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्यामुळे २०२४ चा उन्हाळा लवकर तापला. रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. तरावीहला मशीद भरून जायची, वुजूखान्यात रांग, सगळे नळ सुरू. मोरीतून पाणी धो धो वाहत होते. आणि त्या मोरीपासून पंधरा पावलांवर आमचे एक रोप पाण्यावाचून वाळत होते. मी रोज त्याच्या शेजारून आत जात होतो. डोक्यात कुरआनचा दौर, इफ्तारचे नियोजन, शाळेतल्या परीक्षांचे पेपर. ईदच्या नमाजला नवे कपडे घालून गेलो तेव्हा ते वाळून काटकी झाले होते. या वेळी नखाने खरवडले तर आत तपकिरी. ते खरेच मेले होते.

त्या ईदनंतर आम्ही दोघा-तिघांनी वुजूच्या पाण्याचा विषय ट्रस्टींपुढे काढला. पहिला आक्षेप आला तो खर्चाचा नव्हताच. एक बुजुर्ग म्हणाले, "वुजूच्या पाण्याबरोबर गुनाह झडतात. ते पाणी झाडाला घालायचे?" प्रश्न भावनेतून आलेला होता, हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इमामसाहेबांनी उत्तर छान दिले. वापरलेल्या पाण्याने दुसऱ्यांदा वुजू होत नाही, पण ते पाणी नापाक नाही, हनफी मसलकातही ते पाकच आहे. जमिनीत तर ते आजही जाते आहे, मग गटाराच्या जमिनीत जाण्यापेक्षा झाडाच्या जमिनीत गेलेले काय वाईट? बुजुर्ग लगेच राजी झाले. पुढे पाइपला लागणारे पैसेही त्यांनीच दिले.

मी एकदा बादली लावून मोजले. नळ सुरू ठेवून वुजू केला तर माझेच चार लिटर पाणी गेले. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुदमध्ये वुजू करत अशी हदीस आहे. मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे मी पाचपट उधळतो. ते कमी करायलाच हवे, पण तोवर हिशेब असा. चाळीस माणसे, पाच वक्त, माणशी चार लिटर, दिवसाला आठशे लिटर. सावनीच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड दहा-पंधरा लिटर पुरतात. आपले एक दिवसाचे वाया जाणारे पाणी पन्नास-साठ रोपांची एक पाळी भागवते.

करायचे काम फार नाही. वुजूखान्याची मोरी शौचालयाच्या लाइनपासून वेगळी काढली. तोंडाला जाळी, मग एक जुना प्लास्टिकचा पिंप, त्यातून दोन इंची पाइप भिंतीच्या कडेने आळ्यांपर्यंत. साबणाने हात धुवायचे बेसिन मात्र या लाइनला जोडले नाही. पिंपात पाणी एका दिवसाहून जास्त साठू द्यायचे नाही, डास होतात. जिथे पाइप नेता येत नाही तिथे मडक्याची जुनी युक्ती आहे. कच्चे भाजलेले, न रंगवलेले मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. ते झिरपत राहते आणि मुळे त्याच्याकडे वळतात. आळ्यात उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे, खोडाला न चिकटवता. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात पाचट मागायला लाजू नये, शेतकरी ते जाळून टाकण्यापेक्षा आनंदाने देतात.

पाणी रोज शिंपडून उपयोग नाही. शिंपडले की मुळे वरच राहतात आणि दोन दिवस कुणी आले नाही की रोप कोलमडते. भरपूर द्या, मग माती दोन बोटे खोल कोरडी होऊ द्या, मग पुन्हा द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, तिसऱ्यात दहा-बारा दिवसांनी. त्यानंतर बहुतेक ते स्वतःचे स्वतः पाहते.

तिसरा प्रसंग हसण्यासारखा आहे. २०२४ च्या बकरी ईदच्या चार दिवस आधी गल्लीतल्या एका घराचे दोन बोकड पाऊस आला म्हणून मशिदीच्या अंगणात बांधले गेले. दोर लांब होता. सकाळपर्यंत एका रोपाचा शेंडा, पाने, कोवळ्या फांद्या सगळे साफ. मालक ओशाळून म्हणाले, "सर, कुर्बानी के जानवर को भूखा कैसे रखते?" काय बोलणार! पण सावनीत जीव दांडगा असतो. महिनाभरात बुंध्यापासून सात-आठ फुटवे आले. त्यांतले सरळ, जाड तीन ठेवले, बाकीचे काढले. आज तेच झाड सगळ्यांत डेरेदार आहे. तरीही तारेची जाळी पहिल्या दिवशीच लावा, आणि ती खोडात रुतण्याआधी सैल करायला विसरू नका. शहरात रस्त्याकडेला कित्येक झाडांच्या गळ्यात जाळी रुतलेली दिसते.

हिवाळ्याचे सांगितलेच. डिसेंबरात पाने तांबूस होऊन गळतात, जानेवारीत झाड काटकीसारखे दिसते. वर सहा फाकांची तपकिरी बोंडे तेवढी राहतात. नखाने खरवडून बघावे आणि गप्प राहावे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा छाटणीचा वेळ, कारण फूल नव्या फुटीवर येते. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या काढाव्यात, पेन्सिलीहून बारीक टोके खुडावीत. बस. काही ठिकाणी दरवर्षी सगळा शेंडाच करवतीने उडवतात. मग त्या ठुशातून लांब, लेच्यापेच्या काड्या निघतात, पावसात घोसांच्या वजनाने लोंबतात आणि मोडतात. खत बेताचे. युरियाचा हात मोकळा सोडला तर पाने माजतात, फूल रुसते. ढगाळ हवेत पानांवर पांढरी भुरी आली किंवा कोवळ्या शेंड्यावर मावा आला तर निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी. पाने पिवळी पडली तर चिमूटभर हिराकस पाण्यातून, सोबत कुजलेले खत. एवढ्यात भागते.

मला दोन जणांनी विचारले, "फळ नाही, दाट सावली नाही, मग कडुनिंब का नाही लावत?" प्रश्न रास्त आहे. मोकळी जागा असेल तर कडुनिंब, वड, चिंच हीच आधी लावा. पाखराला आणि वाटसरूला त्यांचाच आधार. सावनीला मी त्यांची बदली म्हणून पुढे करत नाही. पण आपल्या मोहल्ल्यांत मोकळी जागा आहे कुठे? सहा फुटांच्या पट्टीत कडुनिंब लावतो, तो दहा वर्षांत तारेला टेकतो, मग वीजवाले येऊन त्याचा अर्धा भाग कापून नेतात. त्यापेक्षा जागेला मापाचे झाड बरे. आणि सुंदर दिसण्यासाठी झाड लावणे यात काही उणे आहे असे मला वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना सौंदर्य बघायला बसने दुसरीकडे जावे लागते, हे मात्र उणे आहे.

कबरस्तानच्या बाबतीत सावनीचा विचार अधिक करावा असे मला वाटते. आपल्याकडे ताज्या कबरीवर हिरवी डहाळी ठेवतात, सब्जा पेरतात, जुन्या कबरस्तानांत चाफा आणि मेंदी हमखास असते. रसूलुल्लाहनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी चिरून लावल्याची हदीस त्यामागे आहे. पण मोठ्या झाडांची मुळे कबरी आणि भिंती उचलतात, मग वाद होतात आणि झाड तोडले जाते. सावनीची मुळे तशी दांडगाई करत नाहीत. ती मेंदीचीच बहीण असल्याने लोकांना परकीही वाटणार नाही. शिवाय रोपे विकत घ्यायची गरज नाही. फेब्रुवारीच्या छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर कापून वाळू-मातीत खोचल्या, ओलावा राखला, तर बऱ्याच फुटतात.

आमच्या सहांपैकी चार राहिली. गेल्या वर्षी मोहरमात, कोठल्याच्या सवाऱ्या बघायला पाहुणे आले होते त्या दिवसांत, त्यांतल्या दोघांना पहिला बहर आला. एक गुलाबी, एक पांढरा. चाचांनी मला फोन करून बोलावले, "सर, जल्दी आओ." आता थंडीत कुणी झाडाला हात लावला तर तेच ओरडतात.

या मे महिन्यात त्यांचा तिसरा उन्हाळा पुरा होईल. प्रत्येक झाडाला एक माणूस ठरला आहे, सुट्टीत गावाला गेला तर बदली देऊन जायचे असा करार आहे. माझ्याकडे बोकडाने खाल्लेले झाड आहे. छाटणीच्या काड्यांतून गच्चीवर अकरा रोपे फुटली आहेत. जूनमध्ये त्यांतली चार कबरस्तानच्या भिंतीलगत लावायची असे ठरते आहे. अकराच्या अकरा लावा म्हणणारेही आहेत, पण माणसे चारच मिळाली आहेत. कबरस्तानच्या नळाला तोटी नाही, पाणी लांबून आणावे लागते. ती आधी बसवून घेऊ, खड्डे त्यानंतर.